उन्हाळा, चव्वेचाळीस नंबरचा हायवे आणि तीनशे किलोमीटर

एप्रिल अर्धा सरला की पांढरकवड्यात दिवसाचे दोन तुकडे पडतात. एक सकाळी नऊपर्यंतचा, दुसरा दिवस कलल्यानंतरचा. मधला वेळ कूलरचा आणि माठाचा. केळापूर तालुक्याच्या या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला तरी कोणाला नवल वाटत नाही. सपाट प्रदेशात कमाल तापमान पंचेचाळीसवर गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, सत्तेचाळीसवर गेलं की तीव्र लाट.

अशा दिवसांतही विदर्भात सायकली घेऊन हायवेला लागणारे लोक आहेत. त्यांत डॉक्टर असतात, शिक्षक असतात, दुकानदार असतात. त्यांच्याजवळ उन्हाशी जमवून घेण्याची एक पद्धत आहे. तिची मुळं सव्वाशे वर्षं जुनी आणि सातासमुद्रापारची आहेत, पण ती आपल्या मातीत चांगली रुजली आहे. सायकलवाले तिला बीआरएम म्हणतात. पूर्ण नाव ‘ब्रेव्हे दे राँदोनर मोंदियो’. सरळ सांगायचं तर ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात, कोणाच्या मदतीशिवाय सायकलवर कापायचं.

जून 1897, रोम ते नेपल्स

12 जून 1897 रोजी इटलीतले बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर सुमारे 230 किलोमीटर. सूर्योदयाला निघायचं आणि सूर्यास्ताच्या आत पोचायचं, एवढीच अट होती. नऊ जण पोचले. ही कल्पना फ्रान्सने उचलली. 1904 मध्ये हेन्री देग्रांज या संपादकाने तिथे तशीच सायकलफेरी सुरू केली. ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणाराही हाच. त्याच चळवळीतून आजचा ‘ऑडॅक्स क्लब पारिझियन’ उभा राहिला.

सुरुवातीला सगळ्यांनी एका गटात, एका कप्तानाच्या मागे, एकाच वेगाने जायचं असा नियम होता. पुढे देग्रांज आणि क्लब यांचं बिनसलं. 1921 मध्ये क्लबने स्वतःची वेगळी पद्धत काढली: ज्याने त्याने आपल्या वेगाने जावं, फक्त वेळेच्या दोन मर्यादांमध्ये राहावं. आजची बीआरएम ती हीच. पॅरिसहून ब्रेस्त या बंदराला जाऊन परत येण्याची 1200 किलोमीटरची, 90 तासांची फेरी ही तिची पंढरी. 1891 मध्ये ती पहिल्यांदा शर्यत म्हणून झाली. आता दर चार वर्षांनी होते. आपल्याकडची मंडळीही तिथे जाऊन आली आहेत.

भारतात ‘ऑडॅक्स इंडिया राँदोनर्स’ ही संस्था पॅरिसच्या क्लबच्या वतीने हे सगळं चालवते. गावोगावचे गट वर्षभराचं वेळापत्रक आधी कळवतात, मंजुरी घेतात आणि मग बीआरएम भरवतात. नागपूर, अमरावती, नाशिक, पुणे, मुंबई इथल्या सायकलवाल्यांत हे आता मुरलेलं आहे.

शर्यत नव्हे

नियम मोजके आहेत, पण पक्के. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरची सरासरी. ऐकायला सोपी वाटते. पण चहा, जेवण, पंक्चर आणि डुलकी हे सगळं त्याच हिशेबात बसवायचं असतं. एका हंगामात ही चारही अंतरं पुरी केली की माणूस ‘एसआर’ होतो, म्हणजे सुपर राँदोनर. अर्धवट सोडली तर ‘डीएनएफ’. पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर नसतात. नऊ तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांनी आलेला, दोघांचीही नोंद सारखीच.

निघताना हातात घडीचं कार्ड मिळतं. त्यावर आपलं नाव आणि प्रत्येक कंट्रोल पॉइंटचा एक चौकोन असतो. तो पॉइंट केव्हा उघडतो आणि केव्हा बंद होतो हे छापलेलं असतं. तिथे पोचून वेळ लिहून घ्यायची, सही किंवा शिक्का घ्यायचा. वाटेत घरच्या गाडीने मागे मागे येऊन पाणी दिलेलं चालत नाही. मदत घ्यायची तर कंट्रोलवरच. रात्री पुढचा-मागचा दिवा आणि अंगात चमकपट्ट्यांचं जॅकेट नसेल तर पुढे सोडत नाहीत. घामाने भिजेल म्हणून कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवतात. फेरी संपेपर्यंत त्याच्या कडा मऊ पडतात, शाई थोडी पसरते. त्या कागदाला बाजारात काही किंमत नाही, पण सायकलवाल्यांच्या घरी तो जपून ठेवलेला दिसतो.

दोन हंगामांचा रस्ता

केळापूर तालुक्याला जगदंबेच्या देवळाने ओळख दिली आणि हायवेने सगळ्या देशाशी जोडलं. श्रीनगर ते कन्याकुमारी असा पावणेचार हजार किलोमीटरच्या आसपास लांबीचा 44 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. जुनी माणसं अजून ‘सात नंबर’ किंवा ‘हैदराबाद रोड’च म्हणतात. करंजीला यवतमाळ-वणीचा रस्ता त्याला छेदतो, पुढे पांढरकवडा, मग पाटणबोरी, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगण.

काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने जाणाऱ्यांचा हा हमरस्ता. नाशिकच्या ओम महाजनने नोव्हेंबर 2020 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर नऊ दिवसांच्या आत पार केलं. त्याचे वडील डॉ. हितेंद्र आणि काका डॉ. महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली होती. 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. पुढच्या वर्षी ते मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरांवरची शर्यतही पुरी करून आले. अमेरिकेची शर्यत जूनमध्ये असते, वाटेत अ‍ॅरिझोनाचं वाळवंट लागतं. नागपूरचा मे अंगावर घेतलेल्या माणसाला ते ऊन अगदीच अनोळखी नसावं.

पण या हायवेवरचे विक्रम बहुधा हिवाळ्यात होतात. सायकलवाल्याची खरी तयारी उन्हाळ्यात दिसते, आणि ती बहुतेक वेळापत्रकात असते.

नागपूरहून पांढरकवडा साधारण दीडशे किलोमीटर. जाऊन परत येणं म्हणजे 300 ची बीआरएम. मे महिन्यात ही फेरी भरवायची तर किती वाजता सोडायची? संध्याकाळी सहाला सोडली तर सुरुवात सुसह्य. पांढरकवड्याचा कंट्रोल रात्री साडेदहाच्या सुमारास उघडेल आणि पहाटे चारला बंद होईल. पण मुदत संपते दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. मागे राहिलेला माणूस शेवटचे पन्नास-साठ किलोमीटर भर उन्हात काढणार, तेही रात्रभर जागून आणि अंगातलं पाणी आटल्यावर. दुपारी चारला सोडली तर पहिले दोन-तीन तास भाजून निघतात, पण त्या वेळी पाय ताजे असतात. आणि मुदत दुपारी बाराला संपते. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे. ऊन सोसायचंच असेल तर ते ताज्या अंगाने सोसावं.

200 ला हा पेच पडत नाही. संध्याकाळी सातला निघालं तर मुदत सकाळी साडेआठला संपते. रोम-नेपल्सवाले सूर्योदय ते सूर्यास्त गेले. विदर्भाच्या उन्हाळ्यात तोच नियम सूर्यास्त ते सूर्योदय असा उलटा करायचा. पांढरकवड्याहून वडकी, वडनेर, हिंगणघाट करत जामच्या थोडं पुढे जाऊन परतलं की दोनशेच्या आसपास होतात. शिवाय हायवेवरचे ढाबे रात्रभर उघडे असतात, आणि ढाबेवाल्याची सही कार्डावर चालते.

पाणी, मीठ आणि एक बारीक तार

आपली हवा कोरडी. घाम येतो आणि लगेच उडतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. कळतं ते नंतर, काळ्या जर्सीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या की. उन्हात जोर लावणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो, आणि त्यासोबत सोडियमही जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भरकटल्यासारखा वागतो. म्हणून जाणते सायकलवाले एका बाटलीत साधं पाणी आणि दुसऱ्या बाटलीत ओआरएस ठेवतात. त्या पुडीत 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं; ती एका लिटरात विरघळवायची, निम्म्या पाण्यात नाही. घरचं कैरीचं पन्हं आणि मीठ-जिरं घातलेलं ताक हे तर आपले पिढीजात उपाय.

बाटलीतलं पाणी अर्ध्या तासात कढत होतं. त्यावर उपाय साधा: बाटलीला जुना सुती मोजा चढवायचा आणि तो भिजवायचा. चालत्या सायकलच्या वाऱ्याने मोज्यातलं पाणी उडतं आणि आतलं गार राहतं. मोजा सुकला की पुन्हा दोन घोट ओतायचे. कोरड्या हवेने आपल्याला एवढी सवलत तरी दिली आहे.

उन्हाळ्यात पंक्चरही वाढतात. ट्रकचे रिमोल्ड टायर फुटून रस्त्याच्या कडेला विखुरतात, आणि सायकल तर कडेनेच चालवायची असते. त्या टायरमधली केसासारखी पोलादी तार आपल्या टायरमध्ये शिरते. ट्यूब बदलली तरी दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते, कारण तार आतच असते. मग टायर पूर्ण काढायचा, आतून बोटाचं टोक हळू फिरवायचं आणि टोचलं की थांबायचं. चिमट्याने किंवा नेलकटरने तार ओढून काढायची. घाई करणारा तीन ट्यूबा वाया घालवतो. बोट फिरवणारा एकीत भागवतो.

परतण्याचा निर्णय

गटाचं सगळ्यात मोठं काम मला यापुढचं वाटतं. उष्माघात होणाऱ्याला स्वतःला तो कळत नाही. बोलणं अडखळतं, उगाच चिडचिड होते, सायकल डावी-उजवीकडे झुकते. तो मात्र ‘काही नाही, चला’ म्हणतो. ते सोबत्याला दिसतं. अशा वेळी त्याला सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करायचे, मान, काख आणि जांघा ओल्या कापडाने पुसत वारा घालायचा आणि 108 ला फोन करायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. अंगाचं तापमान चाळीसवर गेलं की मिनिटं मोलाची असतात.

म्हणून ज्या गटात ‘आज इथूनच परतू’ असं म्हणणाऱ्याला कोणी हिणवत नाही, तो गट चांगला. उन्हाला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस नवख्याला पाटणबोरीपर्यंत नेऊन परत आणायचं, सूर्य वर येण्याआधी घरी पोचवायचं, आणि मगच रात्रीच्या दोनशेचं नाव काढायचं. डीएनएफचा शिक्का पुसता येतो. पुढच्या महिन्यात दुसरी बीआरएम असते.

रात्रीच्या प्रवासाचं म्हणाल तर या तालुक्यातल्या टिपेश्वर अभयारण्याने देशाला एक थोर प्रवासी दिला आहे. तिथल्या एका तरुण वाघाला 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीत शिरून, शेतं, रस्ते, नद्या ओलांडत वर्षअखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तेराशे किलोमीटर झाले होते. ‘वॉकर’ नावाने तो गाजला. दिवसा दडून राहायचं आणि रात्री चालायचं, ही त्याची रीत. जंगलातून जाणाऱ्या आडरस्त्यांवर मात्र अंधारात सायकल घालू नये. ती वेळ वाघांची आहे. रात्रीची सायकल हायवेवरच शोभते.

तालुक्याने काय करावं

बीआरएमला मैदान लागत नाही, इमारत लागत नाही. रस्ता, कार्ड, शिक्का आणि शब्द पाळणारी चार माणसं लागतात. महागडी सायकलही लागत नाही. चाकं सरळ फिरत असतील आणि ब्रेक लागत असतील तर गिअरशिवायच्या सायकलनेही दोनशे होतात. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. रोज पाच किलोमीटर जाऊन येणाऱ्या त्या मुलींपैकी एखादी उद्याची एसआर असू शकते. तिला बोलावणारं आणि तिच्यासोबत चालवणारं कोणीतरी हवं.

3 जून हा जागतिक सायकल दिन. नवतपा तोवर उलटलेला असतो, पाऊस दाराशी आलेला असतो. त्या दिवशी तालुक्याच्या गावांमधून भाषणांसोबत पहाटे पाचची पन्नास किलोमीटरची एक फेरी निघावी: हातात घडीचं कार्ड, करंजीला एक शिक्का, परत पांढरकवड्याला दुसरा. पॅरिसच्या मंजुरीची त्यासाठी गरज नाही. वेळ पाळण्याची आणि सोबत्याकडे लक्ष ठेवण्याची सवय लागली की दोनशे, तीनशे आपोआप मागून येतात.