एनसी झाली, मग पुढं काय?

आजचा प्रश्न आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला आहे: "नवऱ्याला जेलात नाही टाकायचं, फक्त मारणं थांबवायचंय."

साध्या मारहाणीची ठाण्यात बहुतेकदा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. छळासाठी पूर्वी ४९८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. बायका इथंच थबकतात. जेल म्हणजे संसार मोडला!

मला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा म्हणूनच जास्त कामाचा वाटतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल बनवतात, अर्ज कोर्टात जातो. मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला पैसे दे, असा आदेश मिळू शकतो. सासर कारंज्याचं, पण सध्या माहेरी रिसोडला राहताय? मग रिसोडच्या कोर्टात अर्ज चालतो. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

या अर्जानं कुणाला अटक होत नाही. पण संरक्षण आदेश मोडला, की तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा: १ वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण ३ दिवसांत. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेश सुरुवातीलाच मागा. एनसीची प्रत, दवाखान्याचे कागद जपा. नवरा फोन तपासत असेल, तर फोटो बहिणीला पाठवून आपल्याकडून डिलीट करा. मदतीला १८१, जीवावर बेतलं तर ११२.