दंतमूलगत व्याधी आणि शस्त्रकर्म : औषधाची मर्यादा कोठे संपते?

हिरड्यांतून रक्त येणे, हिरड्या सुजणे, तोंडास दुर्गंधी येणे या तक्रारी घेऊन येणारा रुग्ण बहुधा दंतवैद्याकडे न जाता प्रथम औषधालयात जातो आणि एखादे मंजन मागतो. तेथे उपशय न मिळाल्यास तो वैद्याकडे येतो. तोपर्यंत महिने, क्वचित वर्षे लोटलेली असतात. अशा रुग्णास आणखी एक मंजन द्यावयाचे की शस्त्रकर्मासाठी पाठवावयाचे, हा निर्णय त्या क्षणी आपल्या हाती असतो. त्या निर्णयास उपयुक्त ठरेल असे थोडे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहोत.

संहितोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात ६५ मुखरोग सांगितले असून त्यांपैकी १५ दंतमूलगत आहेत. चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायातील उपक्रम पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. येथे आचार्यांनी केवळ औषधावर विसंबून राहण्यास फारसा वाव ठेवलेला नाही. शीताद, दंतवेष्ट, शौषिर यांत प्रथम रक्तविस्रावण आणि त्यानंतर प्रतिसारण व गंडूष असा क्रम आहे. दंतवैदर्भात शस्त्राने दंतमूलाचे शोधन, अधिमांसात छेदन, तर दंतनाडीत छेदनानंतर क्षार अथवा अग्निकर्म सांगितले आहे. दंतशर्करा काढताना दंतमूलास इजा होऊ देऊ नये, ही सूचनाही तेथेच आढळते. शस्त्रांच्या यादीत दंतशंकूचा स्वतंत्र निर्देश आहे, तो याच कर्मासाठी. दोषांचा आश्रय असलेले किट्ट जागेवरून हलविल्याशिवाय वरून लावलेल्या चूर्णाचा गुण टिकत नाही, हा यामागील युक्तिवाद होय.

आधुनिक शस्त्रकर्माचे स्वरूप

आजच्या दंतशास्त्राचा क्रमही याहून फार भिन्न नाही. निरोगी हिरडी व दात यांमधील खाच सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत असते. शर्करासंचयामुळे ती खोल होऊन तेथे पूयजनक जंतू वाढतात आणि दातास आधार देणारे अस्थी झिजू लागतात. प्रथम स्केलिंग व दंतमूळ गुळगुळीत करण्याचे कर्म केले जाते. काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप केल्यावर खाच ५ मिलिमीटर वा अधिक राहिली आणि रक्तस्राव चालूच असला, तर फ्लॅप शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत हिरडी बाजूस उचलून मुळे प्रत्यक्ष पाहून स्वच्छ करतात व टाके घालतात. वाढलेली हिरडी कापून आकार देणे, अक्कलदाढेवरील मांसाचा पडदा काढणे, ओठाचा आखूड बंध मोकळा करणे आणि उघड्या पडलेल्या मुळावर टाळूतील ऊतीचे रोपण करणे ही अन्य कर्मे होत. शेवटच्या दाढेपाशी सूज, तीव्र वेदना व लालास्राव असे अधिमांसाचे वर्णन वाचताना अक्कलदाढेवरील पडद्याचा शोथ डोळ्यांपुढे उभा राहतो. शब्द निराळे असले तरी दोन्हीकडे उपाय छेदनाचाच आहे.

पाठविण्यापूर्वी काय पाहावे?

हिरडी वाढलेली दिसताच ती कफज समजून लेखन द्रव्ये देण्यापूर्वी रुग्ण घेत असलेल्या औषधांची चौकशी करावी. फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन तसेच रक्तदाबावरील निफेडिपिन, अम्लोडिपिन यांमुळे हिरड्या वाढतात. ही औषधे आपण परस्पर बंद करू नयेत, मूळ चिकित्सकास कळवावे. हिरड्यांची सूज, अकारण रक्तस्राव, पांडुता व ज्वर एकत्र असल्यास रक्ततपासणीस विलंब नको. रक्ताचा कर्करोग प्रथम हिरड्यांतून प्रकट होऊ शकतो.

प्रमेही रुग्णात हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांतील शोथामुळे साखर आटोक्यात येणे कठीण होते. हा संबंध दुहेरी आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन चालू असल्यास तसे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू-सुपारीचे व्यसन सरलेले नाही आणि ग्रामीण स्त्रियांत मिश्रीचा वापर आढळतोच. तोंड उघडण्यास अडचण, न पुसले जाणारे पांढरे वा लाल चट्टे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण यांपैकी काहीही दिसल्यास प्रतिसारण करीत वेळ दवडू नये. तेथे ऊतीचा तुकडा तपासणे अनिवार्य होय. लवकर उमगलेला मुखकर्करोग आणि उशिरा उमगलेला मुखकर्करोग यांत रुग्णाच्या आयुष्याचेच अंतर असते.

शस्त्रकर्मोत्तर साहाय्य

पहिले २४ तास कोणताही गंडूष अथवा जोराने चूळ नको, कारण रक्ताची गुठळी सुटून पुन्हा स्राव होतो. टाके निघेपर्यंत बोटाने प्रतिसारण वर्ज्य. क्षारयुक्त व तीक्ष्ण चूर्णे, तसेच कच्च्या जखमेवर लवंगतेल टाळावे. त्यानंतर शस्त्रकर्म करणाऱ्या दंतवैद्याच्या अनुमतीने त्रिफळा वा क्षीरीवृक्षांच्या सालींच्या कोमट क्वाथाचा कवल आणि पुढे इरिमेदादि तेलाचा गंडूष योजता येतो. आहार मृदू, कोमट व अल्पलवण असावा.

औषधालय-चालकांना विनंती

दंतमंजनांत तंबाखू घालण्यास १९९२ पासूनच मनाई आहे. खरखरीत व गेरूयुक्त मंजनाने वर्षानुवर्षे घासल्यास दात झिजतात, हिरड्या मागे सरतात. घर्षणजन्य दंतवैदर्भाचे वर्णन येथे स्मरावे. एकच रुग्ण तिसऱ्यांदा तेच मंजन मागू लागला, तर त्यास तपासणी सुचविणे हाही आपल्या व्यवसायाचा धर्म आहे.

अधिकाराचा प्रश्न

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत ५८ शस्त्रकर्मे नमूद केली. त्यांत शालाक्याची १९ असून दात काढण्याचाही अंतर्भाव होता. त्यावर बराच वाद झाला. परंतु हा उल्लेख शल्य व शालाक्यातील पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी होता, केवळ बी.ए.एम.एस. पदवीधारकांसाठी नव्हे, हे आपण विसरू नये. ज्याने प्रत्यक्ष कर्माभ्यास केलेला नाही त्याने शस्त्र हाती धरू नये, ही शिकवण सुश्रुताचीच आहे. म्हणून शस्त्रकर्मास योग्य रुग्ण ओळखणे, त्याला वेळेवर पाठविणे आणि परतल्यावर त्याची शुश्रूषा करणे ही कर्तव्ये आपण कमी लेखू नयेत. जवळच्या दंतवैद्याशी परिचय ठेवावा आणि चिठ्ठीत निदान, चालू औषधे व व्यसने सविस्तर लिहावीत. रुग्णाचे दात टिकले तर त्यात त्या चिठ्ठीचाही वाटा असेल.