बाळाचे नाव : अक्षर, अर्थ आणि आदर

पर्युषण पर्वात कल्पसूत्राच्या वाचनात प्रभूंच्या जन्माचा प्रसंग आला की सारा उपाश्रय आनंदाने भरून जातो. त्याच ग्रंथात पुढे नामकरणाची हकीकत आहे. जन्मानंतर बाराव्या दिवशी राजा सिद्धार्थ आणि त्रिशलामाता यांनी आप्तेष्टांना भोजनास बोलावले व सर्वांसमक्ष बाळाचे नाव जाहीर केले. हे बाळ गर्भात आल्यापासून कुळात धनधान्याची व मानसन्मानाची वृद्धी होत गेली, म्हणून नाव ठेवले ‘वर्धमान’. नावासोबत त्याचे कारणही सांगितले गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अन्य तीर्थंकरांच्या नामकथाही अशाच अर्थपूर्ण आहेत. शांतिनाथ प्रभू गर्भात असता रोगराई शमली. सुमतिनाथांच्या मातेने एका बालकावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांचा तंटा सुबुद्धीने मिटवला. दिगंबर परंपरेत बाल वर्धमानाच्या दर्शनाने दोन चारणमुनींची शंका फिटली आणि त्यास ‘सन्मती’ हे नाव लाभले.

आज मात्र बहुतेक घरांत शोध सुरू होतो तो अक्षरापासून. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघते आणि मग अडचण उभी राहते. हस्त नक्षत्राची अक्षरे पू, ष, ण, ठ. यांपैकी ‘ण’वरून नाव शोधायचे तरी कोठे? जुन्या पिढीने यावर सोपा तोडगा काढला होता : पत्रिकेत राशीचे नाव एक, व्यवहारात हाक मारण्याचे नाव दुसरे. ही सोय आजही उपलब्ध आहे. अक्षरासाठी अर्थाचा बळी देण्याचे कारण नाही.

दुसरे टोक म्हणजे केवळ कानाला गोड लागणारी, परंतु कोणत्याही भाषेत मूळ नसलेली नावे. मोबाइलवर त्यांचे अर्थ सहज सापडतात. ते खरे असतातच असे नाही. निश्चय करण्यापूर्वी संस्कृत-प्राकृत जाणणाऱ्या पंडितांना किंवा साधू-साध्वीजींना विचारावे.

अरिहंत, मोक्ष अशा नावांविषयी समाजात दोन मते आढळतात. हाक मारताना प्रभुस्मरण घडते, असे काहींना वाटते. तेच नाव रागाच्या भरात उच्चारले जाईल, पुढे दुकानाच्या पाटीवरून पिशव्यांवर आणि खोक्यांवर छापले जाऊन कचऱ्यात पडेल व आशातना होईल, अशी इतरांची चिंता असते. व्यापारी घराण्यांनी या चिंतेचा विचार अवश्य करावा. दशधर्मांतील मार्दव, आर्जव, संयम यांसारखी गुणवाचक नावे हा त्यातील मध्यममार्ग होय.

खरा पेच पुष्कळदा माणसांचा असतो. आजोबांना परंपरेतील नाव हवे, आईवडिलांना सुटसुटीत. आत्याचा, म्हणजे गुजराती घरांतील फईचा, मान वेगळाच. शिवाय आजोळची इच्छा. मंगल प्रसंगी अबोला धरला जातो आणि बारशाचा आनंद ओसरतो. येथे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणातील विधी उपयोगी पडावा. नामकर्म सांगताना त्यांनी जिनेंद्रांच्या 1008 नामांमधून घटपत्र विधीने, म्हणजे घटातील चिठ्ठी उचलून, नाव घेण्याचा पर्याय दिला आहे. घरातील सर्वांना मान्य होतील अशी तीन-चार नावे आधी ठरवावीत, त्यांच्या चिठ्ठ्या कलशात घालाव्यात व घरातील लहान मुलाच्या हातून एक उचलावी. कोणाचा शब्द खाली पडत नाही आणि कोणाचा वरचढ ठरत नाही.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते. नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नये. 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या बालकांच्या शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी हाच दाखला जन्माचा पुरावा मानला जातो. इंग्रजीतील अक्षरलेखन तेव्हाच एकमताने ठरवावे. पुढे पॅन, बँक खाते आणि भागीदारीपत्रात तेच उतरते.

मूल मोठे झाले की एके दिवशी विचारील, ‘माझे नाव हेच का ठेवले?’ त्या दिवशी आईवडील आणि आजी-आजोबा यांच्याजवळ एकच उत्तर असावे, आणि ते सांगताना सर्वांना समाधान वाटावे.