भुलीनंतरची उलटी टाळता येते

पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया झाली की उलट्या व्हायच्याच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात हा त्रास दहांपैकी साधारण तिघांना होतो आणि ते तिघे कोण असतील, याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो. ख्रिश्चन आप्फेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली जर्मनी व फिनलंडमधील रुग्णांच्या नोंदींवरून चार गोष्टी निश्चित केल्या: रुग्ण स्त्री असणे, गाडी लागत असणे किंवा पूर्वीच्या भुलीनंतर असाच त्रास झालेला असणे, धूम्रपान न करणे आणि शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके लागणे. यांतली एकही नसेल तर शंभरांत सुमारे १० जणांना मळमळ किंवा उलटीचा त्रास होतो; पुढे प्रत्येक गोष्टीगणिक हा आकडा २०, ४०, ६० आणि ८० असा चढत जातो. एसटी घाटाला लागली की पिशवी हातात धरून बसणारी, विडी-सिगारेट न ओढणारी बाई शस्त्रक्रियेला आली, तर भूल देण्यापूर्वीच तिची जोखीम साठ टक्क्यांच्या घरात असते. वय पन्नाशीच्या आत असेल, शस्त्रक्रिया दुर्बिणीतून पित्ताशयाची किंवा गर्भाशयाची असेल, किंवा भुलीचा वायू बराच वेळ द्यावा लागला असेल, तर धोका आणखी वाढतो.

‘उलटीच तर आहे, होईल बरी,’ असे म्हणणाऱ्यांनी ताज्या टाक्यांवर पडणारा ताण, शरीरातले कमी होणारे पाणी आणि लांबणारा रुग्णालयातला मुक्काम लक्षात घ्यावा. मग सर्वांनाच उलटी रोखणारी सगळी औषधे सरसकट का देऊ नयेत? कारण ऑन्डान्सेट्रॉनने डोके दुखू शकते, बद्धकोष्ठ होऊ शकते. डेक्सामेथासोनने रक्तातली साखर वाढते. जोखीम पाहून औषध देणेच शहाणपणाचे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत या दोन्ही औषधांनी धोका प्रत्येकी सुमारे एक चतुर्थांशाने कमी केला. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचे औषध दिल्याने तो जवळपास एक पंचमांशाने घटला. धूम्रपान करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो हे खरे. पण त्यांची फुप्फुसे आणि जखमा भरून यायला लागणारा वेळ पाहता, त्या आधारावर धूम्रपानाची भलामण कोणीही करू नये.

हे गणित रुग्णाने दिलेल्या माहितीवरच चालते. म्हणून भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा, त्यांनी विचारले नाही तरी, ‘मला गाडी लागते’ आणि ‘मागच्या वेळी उलट्या झाल्या होत्या’ हे आवर्जून सांगा.