वारा दारातला, भाव बाजारातला

पाटोदा, केज भागातल्या माळांवर आता पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. ज्या माळाने आपल्या माणसांना कुसळांखेरीज काही दिले नाही, त्याच माळावरचा वारा विकला जाऊ लागला. त्यामागे पैसा आला आणि पैशामागे पैजा आल्या. ऊसतोडीवरून परतलेल्या घरांतली शिकलेली मुले मोबाईलवर शेअरचे भाव पाहतात. वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर 'पवनचक्कीवाल्या कंपनीचा शेअर अजून पाचपट होणार' अशी बोलणी चालतात. एका भगिनीने आम्हाला सरळच विचारले, "दादा, पोरगा उचलीतले वीस हजार त्यात टाकायचं म्हणतो. टाकू देऊ का?" तिच्यासाठी हे लिहीत आहोत.

शेअर म्हटले की आपला समाज दचकतो. हा शेठ लोकांचा खेळ, म्हणून विषय सोडून देतो. पण बडोद्याची नोकरी अपमान सोसून सोडावी लागल्यावर परमपूज्य बाबासाहेबांनी मुंबईत शेअरचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? पेढी चालू लागली. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. सल्ला तोच होता, जात आडवी आली! तेव्हा हा विषय आपला नाही, असे कोणी म्हणू नये.

आता कंपनीची कुंडली पाहू. (कुंडलीवर आमचा विश्वास नाही, हिशेबावर आहे.) सुझलॉन ही पुण्याची कंपनी. सुरतेत कापडाचा धंदा करणारे तुलसी तांती विजेच्या खर्चाने बेजार झाले, त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि 1995 साली त्या बनवण्याचाच उद्योग काढला. साताऱ्याचे वनकुसवडे पठार, धुळ्याचे ब्राह्मणवेल येथे चक्क्या फिरू लागल्या. 2005 साली कंपनीने 510 रुपयांना शेअर विकला, लोक तुटून पडले. जानेवारी 2008 मध्ये तो दोन हजारांच्या वर गेला. त्याच महिन्यात एका शेअरचे पाच भाग झाले.

भाव चढता असताना कंपनीने कर्जे काढून बेल्जियमची हॅन्सेन घेतली, जर्मनीची आरईपॉवर घेतली. मग अमेरिकेत पात्यांना तडे गेले आणि 2008 ची जागतिक मंदी आली. कर्जातला एक भाग परकीय चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांचा होता. नाव जड, पण प्रकार आपल्या ओळखीचा आहे. देणारा म्हणतो, शेअर ठरल्या भावाच्या वर गेला तर पैशाऐवजी शेअर घेईन; नाही गेला तर रोकड परत. मुकादमाची उचल दुसरी काय असते? हंगाम चांगला जाईल असे धरून घ्यायची, आणि ऊसच नसला की तीच अंगावर फिरते. ऑक्टोबर 2012 मध्ये कंपनीची उचल अशीच फिरली. सुमारे 20 कोटी डॉलरचे रोखे तिला फेडता आले नाहीत. 2015 मध्ये जर्मन कंपनी विकावी लागली. मार्च 2020 मध्ये शेअर दोन रुपयांच्याही खाली होता.

मधला किरकोळ लाभांश सोडा आणि हिशेब करा. 510 रुपयांच्या एका शेअरचे पाच झाले. पाचांचे मिळून दहा रुपयेही येईनात! पुढे कर्ज उतरले. ऑक्टोबर 2022 मध्ये तांती वारले, त्याच महिन्यात पाच रुपये भावाने शेअर देऊन 1200 कोटींची उभारणी झाली. मागणी वाढली आणि सप्टेंबर 2024 मध्ये भाव ऐंशीच्या वर गेला. दोन रुपयांना घेणाऱ्याचे चाळीसपट झाले. 510 वाल्याच्या हाती मात्र एकोणीस वर्षांनीही मुद्दल पूर्ण नव्हते. ओट्यावर चर्चा होते ती चाळीसपटवाल्याचीच. दुसरा माणूस तोंड उघडत नाही.

शेअरच्या भावात उद्याची आशा आजच मोजून घेतलेली असते. कंपनी वाढली, पण लोकांनी धरले होते त्याहून कमी वाढली, तरी भाव पडतो.

आणि आपल्या जिल्ह्यात वाऱ्याचा पैसा काय करतो, तेही विसरू नये. 6 डिसेंबर 2024 रोजी, महापरिनिर्वाण दिनी, मस्साजोगला आवादा या दुसऱ्याच कंपनीच्या पवनऊर्जा प्रकल्पावर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. 9 डिसेंबरला त्यांचे अपहरण करून खून करण्यात आला. कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हे घडले, असा दोषारोपपत्रात आरोप आहे. मोबाईलवरच्या हिरव्या-लाल आकड्यांत हे दिसत नाही.

त्या भगिनीला आम्ही सांगितले, उचल ही कमाई नव्हे, अंगावरचे कर्ज आहे. त्यातला एक रुपयाही नको. तथागतांनी सिगाल गृहपतीला संपत्तीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा अडीअडचणीला. त्यात उसनवारीचा भाग नाही. पोराला हौसच असेल तर स्वतःच्या रोजगारातले, बुडाले तरी चूल पेटती राहील एवढेच टाकावे, तेही स्वतःच्या नावाच्या खात्यातून. 'दरमहा दहा टक्के देतो' म्हणणाऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नये. आणि आधी कंपनीचा वार्षिक अहवाल वाचावा. तो फुकट मिळतो.

अहवाल घेऊन पुढच्या रविवारी विहारात येतो, असे पोराने कबूल केले आहे. कर्जाचे पान कोणते, ते आम्ही त्यालाच शोधायला लावणार आहोत.