शेकरूची बेटे

श्रावणात पांढुर्णा-सौसरकडील मंडळी नागद्वारीच्या यात्रेस जातात, तेव्हा पचमढीच्या दाट झाडीत कोणीतरी हमखास थबकते. माथ्यावरच्या फांदीवरून एक झुबकेदार शेपूट लोंबत असते. ते शेकरू! तांबूस पाठ आणि तीवर काळ्या रंगाची झाक. पुढे भीमाशंकरी हाच प्राणी पाहिला, तेव्हा आम्ही चकित झालो. तेथील शेकरूच्या पाठीवर काळ्याचा मागमूस नाही, आणि शेपूट टोकाकडे फिकट होत गेलेले.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. फांदीवरून फांदीवर वीसेक फुटांची झेप घेणाऱ्या या जीवाला आपली कपाशीची शेते म्हणजे समुद्रच. सातपुडा आणि सह्याद्री ही त्याची बेटे.

खऱ्या बेटांवरही असेच घडते. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटे आहेत. सुमारे ५००० वर्षांपूर्वी माणसांबरोबर तेथे पोहोचलेला व्होल हा उंदरासारखा प्राणी आज युरोपच्या मुख्य भूमीवरील भाईबंदांहून चांगलाच थोराड आहे. बेटावर लहान प्राणी मोठे आणि मोठे प्राणी लहान होऊ पाहतात, असे फॉस्टर या संशोधकाने १९६४ मध्ये दाखविले. शिवाय ज्वारीच्या एकाच कणसाचे बी राखले तर शेतातले सारे वाण त्यात कोठून येणार? मूठभर पूर्वजांनी नेली तेवढीच जनुके. पुढे त्यांतलीही काही निव्वळ योगायोगाने गळतात.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीतून सातपुड्यातील शेकरूला १९१३ मध्ये स्वतंत्र उपजातीचे नाव मिळाले. नमुना होशंगाबादकडील बोरीच्या जंगलातला. १९५२ मध्ये हुमायून अब्दुलअली व जे. सी. डॅनियल यांनी असे आठ प्रकार मानले. नंतरच्या अभ्यासकांनी ते चार-पाचांवर आणले. रंगाची वाटणी करणे कातडीच्या व्यापाऱ्यास सोपे, शास्त्रज्ञास नव्हे! दमट अरण्यात रंग गडद होतो, हेही खरेच. तेव्हा कोणता फरक हवामानाचा आणि कोणता ताटातुटीचा, हे केवळ कातडीवरून ठरत नाही; त्यासाठी जनुकेच तपासावी लागतात.

मात्र तपासण्यास प्राणी उरला पाहिजे. डांगच्या जंगलात एक फिकट, जवळजवळ पांढरे शेकरू होते. ते आता नामशेष झाल्याचे मानतात. महामार्गाखाली वन्यप्राण्यांसाठी वाटा ठेवतात, त्या पायी चालणाऱ्यांच्या कामाच्या. शेकरूला रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींस भिडलेल्या हव्यात.