मिठाची बरणी आणि वेब्ली

मिठाला पाणी सुटलं म्हणून तुमची आजी मघापासून कुरकुरतेय, ऐकलंत ना? त्यावरून मला आमच्या कोतातली वेब्ली आठवली. कोत म्हणजे पोलिसांची हत्यारं ठेवायची खोली. रत्नागिरीचा आषाढ, भिंतींनासुद्धा घाम फुटलेला.

वेब्ली म्हणजे बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं. चाप एकदाच ओढायचा, पण त्या एका ओढीत कामं किती! एक छोटा खटका चक्राच्या दात्याला ढकलतो, चक्र ६० अंश फिरतं, नवं काडतूस नळीसमोर येऊन थांबतं. तोवर घोडा मागे चढतो, कमान ताणली जाते आणि घोडा सुटतो. ही सगळी ताकद एकट्या बोटाची, म्हणून चाप जड. घोडा आधी अंगठ्यानं चढवला तर तोच चाप हलका. लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सनं १८५१ मध्ये नुसत्या चापावर चालणारं रिव्हॉल्व्हर दाखवलं. १८५६ मध्ये ब्यूमाँट नावाच्या फौजी इंजिनिअरनं त्यात अंगठ्याचीही सोय घातली.

असो. आपलं मीठ राहिलं. जुन्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. घोड्याचा टोला बसला की ते आपला प्राणवायू देऊन टाकतं आणि मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचंच भावंड. नळीत ते डोळ्यांना दिसतही नाही. पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बघता बघता पोलादावर तांबूस पुरळ! नवा शिपाई त्यावर तेल ओतायचा. पण मीठ कधी तेलात विरघळतं होय? ते तेलाखाली सुखानं बसून राहतं. आमचे जमादार चक्र रिकामं आहे ना, हे दोनदा बघायचे आणि नळीतून चक्क उकळतं पाणी सोडायचे. गंज नको म्हणून पाणी! मीठ वाहून जातं, तापलेली नळी आपोआप सुकते, मग चिंधीनं तेलाचा पातळ हात. आजी लोखंडी तवा धुऊन गॅसवर धरते नि तेलाचं बोट फिरवते ना, तसंच.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये मात्र रिव्हॉल्व्हर मुक्कामाला ठेवायचं नाही. चामडं ओल धरतं.

आणि त्याच्या अंगावरचा निळसर काळा रंग? तो रंग नव्हेच. लोखंड आणि प्राणवायू यांचाच थर तो, गंजाचा सख्खा भाऊ. फक्त हा पोलादाला घट्ट चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो.

आणा ती बरणी इकडे, तांदळाचे चार दाणे टाकू.